डबा रिकामा परत देऊ नये

आता जे सांगणार आहे त्यावर विश्वास ठेवणारा माणूस विश्रांतवाडीत अजून जन्मायचा आहे. आमच्या सोसायटीत तर नाहीच. इथे मी नुसतं "आज ऊन आहे" म्हटलं तरी लोक गॅलरीत जाऊन खात्री करून येतात. पण नीरजानं माझ्यासमोर बसून हे सगळं बरंच लांबपर्यंत ऐकून घेतलं. तेवढंही आजवर कुणी केलेलं नाही.

नीरजा म्हणजे माझ्या शेजारच्या वासंतीबाईंची मुलगी. इंग्लंडात असते. वासंतीबाई दुसऱ्या लाटेत गेल्या, एप्रिलमध्ये, आणि नीरजाला इथे यायला पुढचा फेब्रुवारी उजाडला. तोवर त्यांच्या दाराला कुलूप. आमच्या मजल्यावर तीन दारं. तिसऱ्या दारातली आयटीतली पोरं टाळेबंदी लागली तशी गावी गेली ती परत आलीच नाहीत. म्हणजे दोन कुलपं आणि मी, असा आमचा मजला.

नीरजा घर आवरायला आली होती. वासंतीबाईंच्या आणि माझ्या स्वयंपाकघराची भिंत एकच, त्यामुळे सकाळपासून भांडी काढल्याचे, पुसून ठेवल्याचे आवाज मला येत होते. इतक्या महिन्यांनी त्या भिंतीतून काही ऐकू येत होतं, तर मी आपला रेडिओ बंद करून ओट्यापाशीच बसून राहिलो. चारच्या सुमाराला बेल वाजली. दारात ती, केसांना धूळ लागलेली. म्हणाली, काका, घरचा गॅस बंद करून टाकलाय, चहा मिळेल का.

चहा मी चांगला करतो. निदान आमच्या आनंदीबाईनं, माझ्या बायकोनं, कधी तक्रार केली नाही, आणि ती तक्रार न करणाऱ्यांतली नव्हती. आलं ठेचून घातलं, ओट्यावरच्या डब्यातून साखर घातली आणि कप तिच्यापुढे ठेवला. अर्धा चहा झाल्यावर तिनं विचारलं.

"काका, त्या नाताळात मी येणार होते ना. आई फोनवर म्हणाली, यज्ञेश्वररावांबरोबर नाताळ छान झाला. खरं होतं का ते? की मला बरं वाटावं म्हणून म्हणाली? मला एवढंच कळायला हवंय, त्या दिवशी ती एकटी होती का."

हे विचारून ती माझ्याकडे न बघता कपाकडे बघत राहिली.

"छान?" मी म्हटलं. "तुझी आई शाळेत शिकवणारी, शब्द काटकसरीनं वापरायची. मी सांगतो काय झालं ते. तुला खरं वाटणार नाही."

"तुमचं कधी वाटलंय?" ती म्हणाली. पण खुर्ची सरकवून नीट बसली.

मग मी तिला पहिल्यापासून सांगितलं. त्या वर्षी नाताळाची सगळीच घडी मोडली होती. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा निरोप आला की साठीपुढच्यांनी देवळात येऊ नये, उपासना मोबाइलवर बघावी. रात्रीची संचारबंदी लागली, म्हणून गाणी म्हणत घरोघर फिरणारी आमची मंडळी येणार नव्हती. एरवी ढोलकी आणि पेटी घेऊन आख्खी पलटण जिना चढून यायची, आणि आनंदीबाई पातेलंभर चहा उकळत ठेवायची. आमचा मुलगा श्याम आखातात, दोह्याला अडकलेला. आणि आनंदीबाई त्याच वर्षी मार्चमध्ये गेली होती, टाळेबंदी लागायच्या आधी. नशीबवान. तिला खांदा द्यायला माणसं होती.

तरी मी गॅलरीत चांदणी लावली. आत दिवा सोडला. कुणासाठी, हा प्रश्न आमच्यात विचारत नाहीत. चांदणी लावायची असते.

इकडे वासंतीबाईंचीही तयारी चालली होती. नीरजा येणार म्हणून त्या स्वतः रिक्षा करून मंडईत गेल्या, तोंडाला मास्क, त्यावर ते प्लॅस्टिकचं पारदर्शक झापड. विश्रांतवाडीत मटार मिळत नाही का? ढिगानं मिळतो. पण मटार मंडईचाच.

"आई मंडईत गेली होती? त्या दिवसांत?" नीरजानं विचारलं. "मला नाही बोलली."

"तुला सांगून ओरडा खायचा होता का तिनं?"

लिफ्ट तेव्हा बंद ठेवली होती. बाई पिशवी एकेका पायरीवर टेकवत वर आल्या. दोन पायऱ्या चढायच्या, धप्प, थांबायचं, दोन पायऱ्या, धप्प. मग संध्याकाळी मटार सोलायला बसल्या. स्टीलच्या परातीत दाणे पडतात तो आवाज कसा असतो ठाऊक आहे? पहिले दाणे टणटण वाजतात. मग थर जमतो, आवाज मऊ होत जातो. मी म्हटलं, बाई आता परात भरूनच उठणार. आणि मध्येच आवाज थांबला. बातम्या लागल्या होत्या. इंग्लंडहून येणारी विमानं बंद.

इथे मला वाटलं, गाडी भलत्याच रस्त्याला लागली. म्हणून मी डब्याची गोष्ट काढली.

तर डबा. दिवाळीत वासंतीबाईंनी आमच्या दाराबाहेरच्या स्टुलावर फराळाचा डबा ठेवला, बेल वाजवली आणि आपल्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. तेव्हा माणसं अशीच भेटत होती. चकल्या, शंकरपाळे, वर चार अनारसे. हा डबा दर वर्षी दिवाळीला आमच्याकडे यायचा आणि नाताळला आनंदीबाईच्या करंज्या भरून परत जायचा. डबा रिकामा परत देऊ नये, हे तुम्हां-आम्हां सगळ्यांनाच आईनं शिकवलेलं. काहीच नसेल तर मूठभर साखर तरी घालावी. पण साखर ही अडचणीची सोय झाली, नाताळची नव्हे. आणि विकतचा केक घालावा, तर आनंदीबाई म्हणायची, विकतचंच द्यायचं तर डबा कशाला, पिशवीच द्यावी. शिवाय डबा परत मागायला वासंतीबाई कधी येणार नाहीत हेही मला ठाऊक. मागून घेतला तर तो डबा कसला.

"म्हणून मी ठरवलं," नीरजाला म्हटलं, "करंज्या आपणच करायच्या."

"तुम्ही."

"मी."

"साट्याच्या?"

"मग काय साध्या? बाईंच्या डब्यात?"

नाताळच्या सकाळी मोबाइलवरची उपासना आटोपली, मी पीठ भिजवलं आणि तेवढ्यात पिठाचे हात घेऊन दार उघडलं. का उघडलं, आता आठवत नाही. आणि बघतो तर त्याच क्षणी शेजारचं दार उघडलं. वासंतीबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो यज्ञेश्वरराव, आपण घराला रंग काढलाय का?"

नीरजा हसली. आईचं बोलणं तिला ओळखू आलं असावं.

झालं, बाईंनी ताबा घेतला. उंबरा त्यांनी ओलांडला नाही आणि मलाही ओलांडू दिला नाही. त्यांच्या दारात त्यांची खुर्ची, माझ्या दारात माझा पाट, मध्ये स्टूल. तिथून त्यांनी वर्ग घेतला. पिठाला मोहन किती, दुधाचा हात किती, साटा कसा फेसायचा. खोबऱ्याचं सारण माझ्याकडे होतं. त्या म्हणाल्या, सोललेला मटार पडून आहे, अर्ध्या करंज्या मटाराच्या करू. माझ्या पुऱ्या भारताच्या नकाशासारख्या व्हायला लागल्या, तशा उठल्या, आत गेल्या आणि झाडूच्या दांड्याला लाटणं बांधून आल्या. त्यांच्या दारातून त्यांनी माझ्या पोळपाटावर लाटायला सुरुवात केली.

"सहा फुटांवरून आईनं पुरी लाटली," नीरजा म्हणाली.

"गोल लाटली."

आणि काय सांगू, पहिली करंजी तेलात सोडली ती बुडेना. पापुद्रे इतके सुटले की तेलाला शिवून वरच उठली, वाफेबरोबर छताला गेली आणि पंख्याच्या पात्यावर जाऊन बसली. दुसरी खिडकीतून जात होती, तिला मी झाऱ्यानं दाबून धरली. वासाचं तर विचारूच नकोस. खालून वॉचमन मच्छिंद्र धावत आला. त्याच्या हातात ते ताप बघायचं पिस्तूल, त्या दिवसांत तो झोपतानाही ते सोडत नसे. त्यानं करंजीवर पिस्तूल रोखलं, आकडा बघितला आणि गंभीरपणे म्हणाला, "बाई, हिला ताप हाय. चौदा दिवस डब्यात ठिवा."

तिकडे वास आळंदी रस्त्यावर पोचला. स्वारगेटहून आळंदीला जाणारी बस आमच्या गेटासमोर थांबली ती हलेना. ड्रायव्हरनं गाडी बंद करून चालू करून बघितली, कंडक्टरनं खाली उतरून चाकाला लाथ मारली, पण बस आपली नाक वर करून उभी. आतली माणसं मास्क हनुवटीवर घेऊन खिडक्यांना चिकटली. मागे रिक्षा, टेम्पो, रुग्णवाहिका, सगळी रांग. शेवटी पोलीस आले. गर्दी कुणी जमवली म्हणून वर चढून आले, तर बघतात काय, दोन दारांत दोन म्हातारी माणसं.

"आणि पोलिसांनी काय केलं? दोन करंज्या जप्त केल्या?"

"चार. पंचनाम्याला लागतात."

आता ती चांगलीच हसली. डोळे पुसले. मला वाटलं, झालं काम. नाताळ उभा राहिला, तिची आई त्यात खुर्ची टाकून बसली, आता ती मुलगी सुखानं विमानात बसेल. पण पुणेरी आईची मुलगी. हसून झाल्यावर शांतपणे म्हणाली, "आईनं साडी कुठली नेसली होती?"

"मोरपंखी."

"मोरपंखी नाहीये तिच्याकडे. कालच कपाट लावलं मी."

"मग निळी असेल. मास्क होता, नीट दिसलं नाही."

"मास्कमुळे साडी दिसली नाही?"

मी चहा प्यालो. गार झाला होता.

"मगापासून बघतेय," ती म्हणाली. "मटाराचा आवाज सांगितलात, पिशवीचा सांगितलात. दिसत कशी होती ते नाही सांगितलंत."

मी म्हटलं, अगं, वयामुळे डोळे गेले, कान राहिले. आणि कान राहिले म्हणून मला बरंच ठाऊक होतं. तिचे वडील, गोपाळकृष्णराव होते तोवर त्यांच्या कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या. ते गेल्यावर बाई दोन घेत. नाताळच्या दिवशी एक झाली. अगदी लहानशी, घाबरून दिल्यासारखी. मग ताट मांडल्याचा आवाज, मग खुर्ची. मग बराच वेळ काही नाही. मग नळ.

"करंज्या खाल्ल्यावर कुकर कशाला लावला?"

"वरणभाताशिवाय जेवण झालं असं बाईंना वाटत नसे, तुला माहीत आहे."

हे तिला पटल्यासारखं दिसलं. मी लगेच पुढे रेटलं. करंजीची कडा नीट दाबून मुरड घातली नाही तर काय होतं, हे मला बाईंनी बजावलं होतं. करंजी तेलात उकलते, सारण बाहेर येतं, पिठीसाखर जळून तेल काळं पडतं. मग दुसरी टाका, तिसरी टाका, सगळ्यांची तीच गत. झारा खाली टाकून माणूस पाटावर बसून राहतो आणि त्या जळक्या साखरेचा वास पडद्यांतून चार दिवस जात नाही.

"हे सगळं आईनं सांगितलं?"

"बाई सविस्तर शिकवायच्या."

दुपार उतरल्यावर आमच्या करंज्या झाल्या. डबा मी घासूनपुसून कोरडा केला, खाली केळीचं पान, त्यावर एका बाजूला गोड, एका बाजूला मटाराच्या, आणि स्टुलावर ठेवून मागे सरलो. बाईंनी डबा उचलला, छातीशी धरला आणि म्हणाल्या, मिळाला बाई एकदाचा.

नीरजानं चटकन वर बघितलं. "हेच म्हणाली. फोनवर हेच म्हणाली. करंज्या भरून डबा परत मिळाला बाई एकदाचा."

"मग?" मी म्हटलं. "बघ. दोन साक्षीदार झाले."

"माझा फोन आला तेव्हा ती गॅलरीत होती ना?"

"गॅलरीतच. रेंज तिथेच येते. खणखणीत बोलत होती, वर्गात बोलल्यासारखी. यज्ञेश्वरराव आले होते, दिवस कसा गेला कळलं नाही, तू मुळीच काळजी करू नकोस. आणि फोन ठेवल्यावर तिथेच उभी राहिली. आमच्या चांदणीतला दिवा लागला होता, त्याचा उजेड तिच्या कठड्यावर पडतो. बराच वेळ गेला. मग कडी लागली."

"तुम्ही कुठे होता तेव्हा?"

"मी? शेजारीच बसलो होतो की."

हे मी अगदी न अडखळता म्हटलं. आमच्या गॅलऱ्यांमध्ये एक पत्र्याचा आडोसा आहे. त्याच्या अलीकडे शेजारी बसता येतं, पलीकडेही बसता येतं. नीरजानं कुठल्या बाजूला ते विचारलं नाही.

तिचा चेहरा सैल झालेला दिसला. म्हणाली, बरं झालं काका. मला रात्री फार वाटायचं. तिनं तो मटार सोलून ठेवला असेल आणि एकटी बसली असेल असं डोळ्यांसमोर यायचं. आणि पुढे तर काही करता आलंच नाही, दवाखान्यातून एकदा व्हिडिओवर दिसली तेवढीच. तेव्हा तो एक दिवस तरी माणसांत गेला तिचा. मी म्हटलं, गेला ना, बसभर माणसांत गेला.

"फक्त तो डबा सापडत नाहीये," ती म्हणाली. "बारशाला आत्यानं सात डब्यांचा संच दिला होता मला, एकात एक बसणारा. सकाळी एकात एक घालून बघितले, मधलाच नाही. तुम्हांला पाठवायची तो मधलाच ना? मोठ्या डब्यात बाकीचे खुळखुळ वाजतात."

"कुणाला दिला असेल खाऊ घालून."

"आई? माझ्या बारशाचा डबा?"

"म्हातारपणी माणूस उदार होतं."

"आई?" ती पुन्हा म्हणाली आणि हसली. मी विषय बदलला. चहा गार झालाय, आणखी एक कप करतो म्हटलं. तर ती म्हणाली, तुम्ही बसा, मी करते, मघाशी साखरही जरा कमीच होती. मी म्हटलं, तू पाहुणी आहेस, बस. उठायला लागलो, पण माझे गुडघे आधी विचार करतात आणि मग उठतात. तोवर ती ओट्यापाशी पोचली होती.

पातेल्यात पाणी घातलं. गॅस लावला. ओट्याच्या कोपऱ्यात भिंतीला लावून ठेवलेला साखरेचा डबा पुढे ओढला, झाकण काढलं, दोन चमचे साखर घातली, झाकण लावलं. मी म्हटलं, झालं, ये आता, बस, ते पोलीस जाताना काय म्हणाले ते राहिलंच सांगायचं. ती आली नाही. तिचा हात डब्यावरच होता. मग तिनं डबा उचलला आणि त्याची भिंतीकडची बाजू आपल्याकडे वळवली.

पाणी उकळायला लागलं होतं. भिंतीपलीकडे काही आवाज नव्हता. स्टीलवर कोरलेल्या अक्षरांवरून ती अंगठा फिरवत होती, हळूहळू, पहिलीतलं मूल अक्षर गिरवतं तशी. चि. नीरजा हिच्या बारशानिमित्त.

"करंज्या झाल्याच नाहीत," ती म्हणाली. माझ्याकडे वळली नाही. "साखर घातलीत, आणि तीही नेऊन दिली नाहीत. आणि तिनं मागितला नाही."

मी म्हटलं, नीरजा, तू ऐक तर, डबा त्यानंतर पुन्हा इकडे आला, संक्रांतीला, तिळगूळ घालून.

"खोटं," ती म्हणाली. "तिचंही आणि तुमचंही. हा डबा घरी परत आलाच नाही, काका."